फ्रेम कंपनीची, सायकल नाक्याची

सायकलच्या फ्रेमवर कंपनीचं नाव असतं, म्हणून आपल्याकडे सायकलचा इतिहास कंपन्यांच्या नावांनी सांगितला जातो. वरळीची हिंद, मद्रासजवळच्या अंबत्तूरची हर्क्युलिस, आसनसोलची रॅले, सोनिपतची अॅटलस, लुधियानाची हिरो. या कारखान्यांचं श्रेय कुणी नाकारू नये. पण दादरा-नगर हवेलीत ज्या सायकलींवर दोन पिढ्या शाळेत, रानात आणि कामावर गेल्या, त्या यांतल्या एकाही कारखान्यात पुऱ्या झालेल्या नव्हत्या. त्या पुऱ्या व्हायच्या सिल्वाशाच्या नाक्यावर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, एकेक भाग निवडून. फ्रेम एका कंपनीची, टायर दुसऱ्या, सीट तिसऱ्या, आणि चाकं आमच्या अण्णांच्या हातची.

अण्णा म्हणजे माझे वडील. किलवणी नाक्याजवळ त्यांचं सायकलचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे बसायचे, हिशेबाची वही लिहायचे, आणि छर्रे मोजून द्यायचं काम माझ्याकडे असायचं. मागच्या हबला प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ छर्रे, पुढच्या हबला त्याहून बारीक दहा, पायडलच्या मधल्या एक्सलला प्रत्येक बाजूला अकरा. पाढे पाठ झाले तसेच हे आकडेही झाले. पुढे मी एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. पण या गावाचा इतिहास मला कुणी विचारला, तर मी तो दुकानाच्या बाकावरूनच सांगू शकते.

तेव्हा नवी सायकल यायची ती सुट्या भागांत. फ्रेमच्या नळ्यांना कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, वरून तागाचं गोणपाट. चिमटा, मडगार्ड, हँडल, चेनकव्हर वेगळं बांधलेलं. रिमा एकात एक घालून आलेल्या, तारांच्या जुड्या वेगळ्या, हब पुठ्ठ्याच्या डबीत. टायर, ट्यूब, सीट, कॅरिअर, स्टँड, घंटी, कुलूप, दिवा हे सगळं गिऱ्हाइकाने पसंत करायचं आणि त्याचे पैसे वेगळे. म्हणून दुकानात आलेला माणूस ‘सायकल केवढ्याला?’ असं विचारायचा तेव्हा अण्णा आकडा सांगत नसत. आधी विचारत, राहता कुठे, रोज जाणार कुठे, मागे काय बांधणार, घरात आणखी कोण चालवणार. मग पाठकोऱ्या कागदावर एकाखाली एक भाग लिहून बेरीज करत. ती चिठ्ठी घेऊन माणूस घरी जायचा, चार दिवसांनी बायकोला किंवा भावाला घेऊन यायचा, त्यातलं एखादं कलम खोडायचा, एखादं वाढवायचा. कारखान्यातल्या मजुराचा महिन्याभराचा पगार पुरत नसे इतकी ती खरेदी मोठी होती. ती घाईत होत नव्हती.

सायकल आणि तिची दुकानं इथे फार उशिरा आली, आणि याला या मुलुखाचा इतिहास कारण आहे. मराठ्यांनी पोर्तुगीजांना नुकसानभरपाई म्हणून नगर हवेलीचा मुलूख १७८३ साली दिला, दादरा पोर्तुगीजांनी १७८५ मध्ये मिळवला. दररा इथलं ठाणं हलवून सिल्वाशाला आणलं ते १८८५ साली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्लीने दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन लावलेली रोव्हर सायकल बाजारात आणली. आज आपण जिला सायकल म्हणतो तिचा आराखडा तोच. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. म्हणजे सिल्वासा आणि सायकल एका वयाची. पण या दोघांची ओळख व्हायला पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं जावी लागली. साग तोडून दमणच्या गोदीकडे पाठवणं आणि शेतसारा गोळा करणं, यापलीकडे इथल्या राज्यकर्त्यांना या मुलुखात रस्ते बांधावेत असं फारसं वाटलं नाही. वारली, कोकणा, धोडिया माणूस पायीच चालला.

शिवाय हा मुलूख चारी बाजूंनी भारताने वेढलेला. दमणहून दादऱ्याला आणि दादऱ्याहून नगर हवेलीत यायचं तर मधे भारताची हद्द ओलांडावी लागे. १९५४ च्या जुलैत दादरा आणि नरोली मुक्त झाली, २ ऑगस्टला सिल्वासा. त्या लढ्यात सुधीर फडक्यांसारखा गायक-संगीतकार प्रत्यक्ष उतरला होता, हे मराठी माणसाला माहीत असतं. त्यानंतरची हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातली गोष्ट मात्र कमी जणांना ठाऊक आहे. दमणहून नगर हवेलीत येण्याच्या या वाटेच्या हक्कासाठी पोर्तुगालने भारतावर खटला भरला, आणि १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणालं, १९५४ मध्ये पोर्तुगालला या वाटेने खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल नेण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता. भारताने त्या वेळी वाट अडवली ती आपल्या जबाबदारीला सोडून नव्हती, असंही न्यायालयाने म्हटलं. मला या निकालातला ‘सर्वसाधारण माल’ फार महत्त्वाचा वाटतो. मीठ, रॉकेल, कापड, आणि कुणाची असलीच तर सायकलची ट्यूब, सगळं त्यात आलं. राज्य कुणाचंही असो, माल उतरायचा वापी स्टेशनवर आणि तिथून आत यायचा. सिल्वाशाचं प्रत्येक चाक वापीहून आलेलं आहे.

११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा-नगर हवेली कायद्याने भारतात आली. त्या वर्षीच्या जनगणनेत इथली वस्ती होती ५७,९६३. त्यानंतर थोड्याच वर्षांत अण्णा इथे आले.

ते कसब शिकले होते डहाणूला. डहाणू-घोलवड पट्ट्यात इराणी-पारशी मंडळींच्या चिकूच्या वाड्या, आणि वाडीवाल्यांकडे विलायती सायकली असायच्या. रॅले, हंबर, बीएसए. त्या खोलून, पुसून, परत बसवताना त्यांना जे कळलं त्यातली एक गोष्ट ते नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगत: आटे बघितल्याशिवाय पाना लावायचा नाही. रॅलेच्या मधल्या एक्सलच्या कपाला इंचाला सव्वीस आटे, बाकी बहुतेकांना चोवीस. दिसायला दोन्ही सारखे. सव्वीसच्या फ्रेममध्ये चोवीसचा कप जोर करून घातला, की पहिले दोन फेरे जातो, तिसऱ्याला अडतो, आणि फ्रेमचे आटे कायमचे खाऊन टाकतो. मग ती फ्रेम भंगारात. उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा, डावा पायडलही उलट्या आट्यांचा. हे उलटसुलटपण उगीच नाही. सुलट असते तर पायडल मारता मारता ते आपोआप सैल झाले असते. आमच्या दुकानात एका खोक्यात अशा कपांच्या दोन रांगा होत्या, आणि त्या कधीही एकमेकांत मिसळू द्यायच्या नाहीत हा घरचा नियम होता.

भारतात पुढे जो सायकलधंदा उभा राहिला, तो सुट्या भागांतूनच उभा राहिला, ही गोष्ट मला नेहमी पटवून सांगावीशी वाटते. लुधियानाच्या मुंजाळ बंधूंनी सुरुवात केली ती सायकलच्या भागांच्या व्यापारापासून. मग चिमटे, हँडल असे भाग बनवायला लागले, आणि १९५६ मध्ये हिरोची पुरी सायकल काढली. तीस वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच कंपनीचं नाव जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनेस बुकात गेलं. लुधियानाच्या गल्ल्यांत कुणी फक्त पायडल करायचं, कुणी फक्त घंटीच्या वाट्या, कुणी नुसते तारा आवळायचे निपल. असे हजार हातांनी केलेले भाग एकमेकांत बसायचे, कारण मापं ठरलेली होती. अठ्ठावीस इंची चाक, दीड इंची टायर, अर्ध्या इंचाची चेनकडी. ही मापं इंग्रजांच्या रोडस्टर सायकलची. ती त्यांच्याकडे मागे पडली आणि आपल्याकडे टिकली. मापं टिकली म्हणूनच खेड्यातल्या माणसाला निवडीची मोकळीक मिळाली. मला तर ती मोठीच सत्ता वाटते. खानवेलच्या डोंगरातला शेतकरी दिल्लीत किंवा मुंबईत काही ठरवू शकत नव्हता, पण आपल्या मागच्या चाकाला कुठलं फ्रीव्हील लावायचं हे तोच ठरवत होता.

फ्रीव्हीलचंच उदाहरण घेते. पुढची चेनव्हील चव्वेचाळीस दात्यांची आणि मागचं फ्रीव्हील अठरा दात्यांचं, हा नेहमीचा जोड. पायडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. वापीच्या सपाट रस्त्याला हे उत्तम. पण सिल्वाशाहून खानवेलकडे आणि पुढे दुधनीकडे निघालात की चढ सुरू होतात. मागे गवताचा भारा किंवा बांबूची मोळी असेल तर साडेपाच मीटरचा फेरा गुडघ्यांवर येतो. अण्णा अशा गिऱ्हाइकाला वीस दात्यांचं फ्रीव्हील देत. फेरा पाच मीटरच्या आत यायचा, आणि चढाला उतरून ढकलावं लागायचं ते जरा उशिरा. चेन तीच चालायची. मागचं चाक खाचेत थोडं पुढे सरकवलं की काम झालं. दोन दात्यांचा हा फरक ज्याच्या पायाला कळला तो माणूस पुढे आपल्या गावच्या दहा जणांना घेऊन यायचा. गिअरच्या सायकली या भागात यायच्या कितीतरी आधी, गिअर म्हणजे काय हे इथल्या वारली शेतकऱ्याला माहीत होतं.

फ्रेमची उंचीही अशीच. बाजारात चोवीस इंची फ्रेमचा मान मोठा, कारण ती रुबाबदार दिसते. पण सीटवर बसून टाच पायडलला टेकत नसेल तर ती सायकल त्या माणसाची नाही. अण्णा बाविशीची काढून द्यायचे, काहींना विशीची. रुसवे व्हायचे, पण लहान फ्रेम घेऊन गेलेला माणूस तक्रार घेऊन आल्याचं मला आठवत नाही. वडिलांच्या मोठ्या सायकलवर मुलं मधल्या दांडीखालून पाय घालून शिकायची, अर्ध्या पायडलवर. त्यासाठी चेनकव्हर पुरं पेटीचं न घेता अर्धं घ्यायचं, म्हणजे पोराचा पाय अडकत नाही, हा सल्ला मी स्वतः कितीतरी बायकांना दिलेला आहे.

आता चाक. सगळ्या कामांत मोठं काम हेच, आणि ज्याला चाक बांधता येतं त्यालाच आमच्याकडे मिस्त्री म्हणत. मागच्या चाकाला चाळीस तारा, पुढच्याला बत्तीस, कारण वजन मागे असतं. अण्णा जमिनीवर पोतं पसरून हब मांडीवर घेत. हबच्या एका कडेला वीस भोकं, त्यातल्या एकाआड एक भोकातून आधी दहा तारा ओवायच्या, हब पालथा करून दुसऱ्या कडेच्या दहा. त्या रिमला लावून निपल दोन-दोन फेरे फिरवायचे, त्याहून जास्त नाही. मग हब हलकेच वळवायचा, म्हणजे ओवलेल्या तारा तिरप्या होतात, आणि उरलेल्या वीस तारा उलट दिशेने, एकमेकींना ओलांडत भरायच्या. इथे घाई केली की एखादी तार चुकीच्या भोकात जाते आणि हवा भरायच्या वाल्व्हच्या डोक्यावरच दोन तारा जवळ येतात, पंपाचं तोंड आत जात नाही. वाल्व्हच्या भोकाशी तारा फाकलेल्या हव्यात. चाक नीट बांधलंय की नाही हे मी अजूनही पहिल्यांदा तिथेच बघते.

मग चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा. फ्रेम उलटी करून चाक चिमट्यात बसवायचं, खडूचा तुकडा चिमट्याला टेकवून रिमशेजारी धरायचा आणि चाक फिरवायचं. जिथे खडू लागेल तिथे रिम त्या बाजूला आलेली. मग समोरच्या बाजूची तार पाव फेरा कस, या बाजूची पाव फेरा सैल कर. मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूच्या तारा जास्त ताणाव्या लागतात, तरच रिम मधोमध येते. शेवटी अण्णा नखाने तार छेडत जात. एका बाजूच्या सगळ्या तारांचा आवाज जवळजवळ सारखा यायला हवा. बद्द आवाज आला की ती तार सैल. हे सगळं करून ते गिऱ्हाइकाला बजावत, आठ दिवसांनी परत आणा. नव्या तारा बसतात, ताण उतरतो, तेव्हा एकदा पुन्हा कसावं लागतं. बरेच जण येत नसत. येत ते वर्षानुवर्षं त्याच चाकावर फिरत.

कॉटर पिन हा दुसरा परीक्षेचा भाग. क्रँक एक्सलवर घट्ट धरणारी ही बोटाएवढी पाचर. एका बाजूने ती सपाट असते, आणि तो सपाट भाग एक्सलच्या खाचेवर पुरा बसला पाहिजे. म्हणून आधी कानशीने घासून बघायचं. डावी पिन वरून घातली तर उजवी, क्रँक त्याच जागी आल्यावर, तशीच वरून, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत. हातोडा मारताना क्रँकखाली टेकू द्यायचा, नाहीतर घाव छर्ऱ्यांवर जातो. ठोकून बसल्यावरच नट आवळायचा. नटाने पिन ओढून घेणारा मिस्त्री कच्चा. चेन जोडायच्या कडीची क्लिपही अशीच लक्षात ठेवायची, बंद तोंड चेन धावते त्या दिशेला. उलटी बसवली की रानात कुठेतरी निघून पडते, आणि माणूस दहा मैल सायकल हातात धरून चालतो.

पावसाळा हा इथला सगळ्यात कडक परीक्षक. चार महिने धो धो पाऊस, रस्त्यांची चिकट माती. ती मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये बसून चाक जाम करायची. म्हणून आमच्याकडे मडगार्डच्या सळया जरा लांब ठेवून मधे बोटभर जागा सोडत. कंपनीने दिलेलं अंतर शहरासाठी ठीक. ब्रेकमध्ये लोक रॉडचेच ब्रेक मागत, वायरचे नको म्हणत, कारण वायर एका पावसात गंजते आणि दुसऱ्या पावसात तुटते. चकचकीत लोखंडी रिम भिजली की ब्रेकचं रबर तिच्यावर घसरतं. हा दोष मात्र कुठल्याच ब्रेकने जात नव्हता, म्हणून उतारावर आधीपासून दाबत यायचं ही शिकवण सायकलबरोबर दिली जाई. मे महिन्यात दुकानापुढे रांग लागे. मधला कप खोलून, रॉकेलने धुऊन, हिरवं ग्रीस ठासून भरायचं आणि तेलाच्या भोकावरची टोपी शाबूत आहे का बघायचं. पावसाआधी हे केलं तर एक्सल पाच पावसाळे काढी. वाल्व्हच्या नळीचं रबरही तेव्हाच बदलायचं; ते थुंकी लावून चढवतात, तेल कधीच लावायचं नाही, तेलाने रबर सडतं.

पिपरियात १९६५ मध्ये सहकारी औद्योगिक वसाहत झाली, मग मसाट आणि खडोलीलाही वसाहती आल्या. पण खरा लोंढा आला तो करसवलतींमुळे, ऐंशीच्या दशकात. धाग्याचे कारखाने, प्लास्टिकचे, तांब्याच्या तारांचे. १९८१ मध्ये इथे १,०३,६७६ माणसं होती. २०११ मध्ये ३,४३,७०९ झाली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, खानदेश, सगळीकडून कामगार आले आणि आमली, नरोली, दादरा, सामरवरणी इथल्या चाळींतून पाळीला जाऊ लागले. रात्रीच्या पाळीला जायचं तर चालून जमत नाही. पुढची वीसेक वर्षं सिल्वासा सायकलवर चाललं. कारखान्याच्या फाटकात सायकलींच्या रांगा किती लांब आहेत यावरून आत किती माणसं आहेत ते कळायचं. या गावाच्या औद्योगिक प्रगतीवर पुस्तिका निघाल्या, त्यांत शेडचे फोटो आहेत, यंत्रांचे आहेत. त्या रांगांचा फोटो मला एकाही पुस्तिकेत दिसला नाही.

या कामगारांनी निवडी बदलल्या. त्यांना भारा वाहायचा नव्हता, वेळेवर पोचायचं होतं आणि सायकल चोरीला जाऊ द्यायची नव्हती. मागच्या चिमट्याला बसणारं गोल कुलूप सगळ्यांनाच हवं झालं, आणि त्यावर शिवाय साखळी. रात्रीसाठी डायनॅमो आला. टायरला घासून फिरणारी ती बाटली सहा व्होल्टची, तीन वॅटची. सायकल थांबली की दिवा थांबला. त्यातही बसवायची रीत आहे: बाटलीचा आस वाढवला तर तो चाकाच्या मध्यावरून गेला पाहिजे, नाहीतर टायर कापत जातो. पावसात ती घसरते आणि नेमक्या काळोख्या रात्री दिवा मिणमिणतो. म्हणून अण्णा मागच्या मडगार्डला लाल काच आणि खाली पांढऱ्या रंगाचा पट्टा फुकट मारून देत. मालाचे ट्रक रात्रीचेच धावायचे. हा पट्टा आमच्या दुकानाची खूण झाला आणि मला आजही त्याचा अभिमान आहे.

शोभेच्या वस्तूंकडे शिकलेली माणसं नाक मुरडायची. मला ते कधी पटलं नाही. मुठींना झिरमिळ्या, हबभोवती फिरणारं रंगीत ब्रश, तारांत प्लास्टिकचे मणी, सीटला मखमली कव्हर, चेनकव्हरवर पेंटरकडून घातलेलं गावाचं नाव, अशी सजवलेली सायकल ही त्या कामगाराची परक्या मुलुखातली एकमेव मालकीची वस्तू होती. बलिया किंवा गंजाम असं चेनकव्हरवर लिहून घेणारा मुलगा सहा जणांच्या खोलीत राहत होता. हबचं ब्रश तर शोभेचं नाहीच. ते फिरत राहून हबवर धूळ बसू देत नाही. गावी परतताना कुणी सायकल रेल्वेने पार्सल करायचं, कुणी पुढच्या कामगाराला विकायचं. विकलेली सायकल पहिल्यांदा आमच्याकडे यायची ती जुनं नाव खरवडून नवं घालायला.

मुलींच्या सायकलबद्दल मला वेगळं लिहायला हवं. मधली दांडी खाली उतरलेली लेडीज फ्रेम आमच्याकडे खूप वर्षं छताला टांगलेली राही. घेणारे बाप अगदी थोडे. मी पहिल्यांदा ती खाली उतरवायला लावली ती माझ्यासाठी. मागच्या चाकाला जाळी, पुरी पेटीचं चेनकव्हर, हँडलला बुट्टी. ओढणी किंवा पदर तारांत गेला तर काय होतं ते मी दुकानात पाहिलेलं होतं, म्हणून जाळी मी स्वतः बांधली, गाठी आतल्या बाजूला घेऊन. आता जव्हार-मोखाड्यासारख्या महाराष्ट्रातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. या कार्यक्रमाचे असे १२५ तालुके आहेत. योजना चांगलीच आहे. पण त्यातल्या किती सायकलींना जाळी आहे, सीट मुलीच्या उंचीला लावून दिलीय का, हे बघायला कुणी मिस्त्री उभा असतो का? वाटप झाल्यावर महिन्याभरात कॉटर सैल होऊन घरी पडून राहिलेली सायकल मी पाहिली आहे. दुरुस्ती दहा मिनिटांची होती.

मोटारसायकली हप्त्यावर मिळू लागल्या, रिक्षा वाढल्या, आणि नाक्यावरचे मिस्त्री नुसत्या पंक्चर काढण्यावर आले. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. दुकान माझ्या भावाकडे आहे. त्याच्याकडे आता खोक्यात जवळजवळ पुरी जोडलेली सायकल येते. हँडल सरळ करा, पायडल लावा, झालं. कॉटरची जागा चौकोनी एक्सलने घेतली, पान्याची जागा षटकोनी चावीने, ब्रेक डिस्कचे आले. लोक मोबाईलवर भाग मागवतात आणि बसवायला आणून देतात. कधी आटे जुळत नाहीत, कधी हबची रुंदी. तेव्हा भाऊ तेच विचारतो जे अण्णा विचारायचे: रोज जाता कुठे? सातआठ गिअरची सायकल घेऊन सपाट वसाहतीत फिरणाऱ्याला तो सांगतो की पैसे टायरवर घाला. डाव्या पायडलचे आटे अजून उलटेच आहेत. तारा अजून नखाने छेडूनच कळतात.

डहाणू-तलासरीकडच्या आताच्या वारली चित्रांत तारपा नाचाच्या फेऱ्याशेजारी सायकल दिसते. चित्रकारांनी तिची नोंद घेतली. इतिहास लिहिणाऱ्यांनी अजून घेतलेली नाही. पुण्यात कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी उभं केलेलं सायकलींचं संग्रहालय आहे. जुने दिवे, पंप, हत्यारं तिथे बघायला मिळतात. सिल्वाशात आदिवासी संग्रहालय आहे, तिथे दागिने, वाद्यं, मासेमारीची आणि शिकारीची साधनं आहेत. इथे कामाला येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाने ज्या साधनावर चाळीस वर्षं काढली, तेही तिथे असायला हवं: वीस दात्यांच्या फ्रीव्हीलची, रॉड ब्रेकची, चेनकव्हरवर गावाचं नाव घातलेली एक सायकल, आणि शेजारी ती बांधणाऱ्या मिस्त्रींची हत्यारं.

नाक्यावरचे जुने मिस्त्री आता मोजकेच उरलेत. वापी रस्त्यावर, नरोलीत, खानवेलला तुमच्या ओळखीचं कुणी असेल, घरात जुन्या खरेदीची चिठ्ठी, पितळी घंटी, कार्बाइडचा दिवा, दुकानाच्या पाटीचा फोटो असेल, तर टाकून देऊ नका. चिठ्ठीवर कुठले भाग लिहिलेत ते वाचा, ती सायकल कुणी, कुठे जायला घेतली होती ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि मागे लिहून ठेवा. अण्णांच्या हिशेबाच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. तुमच्याकडचं तुम्ही ठेवा.